ताईच्या अक्षरात

६ जानेवारी, सोमवार

आज ताईनं मला अहोजाहो केलं.

सकाळी चहा घेऊन तिच्या खोलीत गेले तर ती पलंगावर ताठ बसलेली. माझ्याकडे बघून अगदी सभ्यपणे म्हणाली, "आपण कुणाकडे आलात?" मला वाटलं, थट्टा करतेय. "तुझ्याकडेच," म्हटलं. तर शाल सावरत म्हणाली, "मग बसा ना. माझी धाकटी बहीण येईलच एवढ्यात." मी कप हातात धरून बसले, माझीच वाट बघत. पाच-सात मिनिटांनी तिनं मान वळवली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "धाकटे, गार झाला की तो. कुणासाठी धरून बसलीयस?"

हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून ही वही.

आधी सरळ मांडते. ताई अडुसष्ट वर्षांची, मी एकसष्ट. घरात आम्ही दोघीच. ताई संगीतकार आहे. म्हणजे चौतीस वर्षं तिनं मुलींच्या शाळेत गाणं शिकवलं आणि उरलेल्या वेळात रचना केल्या. त्यातल्या दोन रेडिओवर वाजल्या, एक छापली गेली, बाकीच्या कपाटात आहेत. तीन वर्षांपूर्वी राजधानीतल्या एका महिला गायकवृंदाच्या संचालिकेला ती छापलेली रचना कुठल्याशा वाचनालयात सापडली आणि तिचं पत्र आलं. तेव्हापासून दोघींची पत्रं चालू आहेत. गायकवृंद छडी हलवून चालवतात, म्हणून ताईनं तिचं नाव छडीवाली ठेवलंय. त्यांच्याकडे नवं सभागृह होतंय, आणि जूनमध्ये उद्घाटनाला ताईची नवी रचना गायची असं ठरलंय. वीस मिनिटांची, तीन भागांची, फक्त बायकांच्या आवाजांसाठी. पहिला भाग ताईनं ऑक्टोबरमध्ये पाठवला.

नोव्हेंबरमध्ये मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, की हे आता वाढत जाणार. इस्पितळाच्या पायऱ्यांवर ताईनं माझं मनगट धरलं. "काम पुरं होईपर्यंत कुणाला कळता कामा नये. शपथ घे." मी घेतली.

दोन भाग बाकी आहेत.

९ जानेवारी

छडीवालीचं पत्र. दुसरा भाग फेब्रुवारीअखेर हवाय. ताईला वाचून दाखवलं. तिनं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "कोण गेलं?"

उत्तर मी लिहिलं, ताईच्या अक्षरात. ताईची अक्षरं डावीकडे कलतात, आणि पत्र कधी तीन ओळींच्या पुढं जात नाही. 'आपलं पत्र मिळालं. दुसरा भाग वेळेत येईल. इकडे थंडी आहे.' सही करताना तीन कागद वाया गेले. चौथ्यावर जमली. इतकी जमली की माझी मलाच भीती वाटली. एकोणतीस वर्षं मी टेलिफोन खात्याच्या छापखान्यात नंबरांची मुद्रितं तपासली. एक आकडा इकडचा तिकडं गेला तरी मला घास गोड लागायचा नाही. आणि आता मी खोट्या सह्या करतेय.

पत्र पेटीत टाकल्यावर वाटलं, हात घालून परत काढावं.

१५ जानेवारी

दुसऱ्या भागाची ताईनं दोनच पानं लिहिलीत. त्यातही फक्त वरच्या आवाजाची चाल. मधला आणि खालचा आवाज कोरा. तिला पियानोपाशी बसवलं तर सकाळभर तेच चार सूर वाजवत राहिली. शेवटी विचारलं, "ताई, इथून पुढं काय?"

"तू भर," ती म्हणाली. "तुला माहितीये."

हे काही नवं नाही. ती नेहमी असंच म्हणत आलीये. तिनं चाल लिहायची, मी पक्की प्रत काढायची आणि काढता काढता मधल्या कोऱ्या जागा भरायच्या. शाळेच्या गाण्यांत, रेडिओवरच्या त्या दोन्हींत, छापलेल्या रचनेत, सगळीकडे तेच. पक्की प्रत काढणं म्हणजे तेच. मला रचना वगैरे कळत नाही, ताईला काय हवं असेल तेवढं कळतं. पण याआधी मी भरलेलं ताई डोळ्यांखालून घालायची. आता कोण बघणार? मी चुकले तर ते ताईच्या नावानं चुकेल, आणि तेही चाळीस बायकांच्या तोंडून, सगळ्या गावासमोर.

३ फेब्रुवारी



अकराला भाजी घेऊन परतले तर दार सताड उघडं. ताई नाही. बूट जागेवर, म्हणजे घरातल्या सपातांवरच गेलेली. औषधाचं दुकान, बसथांबा, पोस्ट, सगळीकडे पाहिलं. लोकांना काय विचारायचं तेच सुचेना. "माझी बहीण पाहिलीत का" म्हटलं तर लोक विचारतील, लहान आहे का. पायांत गोळे आले होते तरी पळत होते.

पाऊण वाजता तळमजल्यावरचे चष्मेवाले तिला धरून घेऊन आले. ताई तिच्या जुन्या शाळेत जाऊन गाण्याच्या वर्गात शिरली होती. मुलींना उभं करून तिनं सूर लावायला लावले. तिथली शिक्षिका ताईचीच विद्यार्थिनी, तिनं अर्धा तास होऊ दिलं आणि मग खाली चष्म्याच्या दुकानात फोन केला.

"मुली चांगल्या आहेत," ताई म्हणाली. "त्यांच्या बाई फार भित्र्या."

ती आत गेल्यावर चष्मेवाल्यांनी विचारलं, "ताईंना बरं नाहीये का?"

"डोळ्यांचं जरा झालंय," मी म्हटलं. "नीट दिसत नाही."

 "दिवाळं निघेल माझं," म्हणाले. "गेल्याच महिन्यात मी तपासलेत ते डोळे. तुमच्यापेक्षा चांगले आहेत." मग जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. "दाराला वरच्या बाजूला आतून-बाहेरून कडी लावून देतो. उंच लावू, हात पोचणार नाही अशी."

त्यांना कळलं. आता आणखी कुणाकुणाला कळणार?

१९ फेब्रुवारी

दुसरा भाग आज पाठवला. उतरवून काढायला सतरा दिवस लागले. ताईची चाल दोन पानांनंतर संपली होती. तिला पुढं काय हवं असेल ते ओळखत ओळखत गेले. एका जागी खालच्या बायकांना एकट्या पुढं जाऊ दिलं आणि वरच्यांना गप्प ठेवलं. ताईनं तसं कधी केलेलं नाही, पण मला वाटलं, आता केलं असतं. त्या दिवशी दुपारचं जेवण राहूनच गेलं आणि ते चार वाजता लक्षात आलं. ताई समोर उपाशी बसली होती आणि मी गुणगुणत होते. इतकी शरम वाटली. आजारी माणूस घरात असताना मला बरं वाटत होतं.

७ मार्च

छडीवालीचं उत्तर. 

'दुसरा भाग आठवड्यात चारदा वाचला,' ती लिहिते. 'खालच्या आवाजांना अखेर बोलायला मिळालं. पहिल्या भागात आपण फार जपून चालला होता. इथं कुणीतरी दार उघडून बाहेर आल्यासारखं वाटलं. आणि आपली पत्रंही हल्ली लांब होतायत. मला आवडतंय.'

फरक दिसला तिला. म्हणजे मी ताईसारखं लिहू शकले नाही. पत्रंही लांबली, तीन ओळींत संपवायची हे ध्यानातच राहत नाही.

पुढं आणखी आहे. उद्घाटनाला ताईवर एक छोटी पुस्तिका काढायची ठरलीये, आयुष्य आणि निवडक पत्रव्यवहार. ताईकडची सगळी जुनी पत्रं नीट लावून पाठवावीत, नाहीतर ती स्वतः येईल.

इथं येईल आणि ताई तिला विचारेल, आपण कुणाकडे आलात.

८ मार्च

रोज सकाळी उठल्या उठल्या मी बारा टेलिफोन नंबर मनात म्हणते. नोव्हेंबरपासूनचा नेम आहे. आज दहाच आठवले. ताईचंही असंच सुरू झालं असेल का, हे विचारायला ताई नाही.

१२ मार्च

जसं झालं तसं लिहिते.

दुपारी टेबलाशी तिसऱ्या भागाचे कागद आखत होते. ताई येऊन समोरच्या खुर्चीत बसली. "तुम्ही नकला करता का?"

"हो," म्हटलं. अशा वेळी हो म्हणावं, असं डॉक्टर म्हणाले होते.

"हात चांगला आहे. माझी बहीणही करते." ती थोडी वाकली, आवाज खाली आणला. "तिला येतं."

"काय येतं?"

"सगळं. माझ्याहून जास्त. तिला ठाऊक नाही, कारण कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर गेली असती. एकदा जाणारच होती. संगीतशाळेचं पत्र आलं होतं तिला. मी दिलं नाही." मग तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "तिच्याजवळ बोलू नका हं. तुम्ही परक्या, म्हणून तुम्हाला सांगितलं."

मी रेघा आखत राहिले. सहा रेघा आखल्या. सुरांना पाचच लागतात.

१३ मार्च

ताई काहीबाही बोलते. घडलेलं आणि न घडलेलं यांची सरमिसळ होईल, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. एकोणिसाव्या वर्षी मी संगीतशाळेला चार गाणी पाठवली होती, हे खरं. उत्तर आलं नाही. ताई म्हणाली होती, नापसंत झालेल्यांना ते कळवत नाहीत. बरोबरच आहे, किती जणांना कळवणार? त्याच वर्षी मला छापखान्यात नोकरी लागली. आई नुकतीच गेली होती, घर चालायला हवं होतं. यात लपवण्यासारखं काय आहे?

१७ मार्च

पत्रांची पत्र्याची पेटी ताईच्या पलंगाखाली आहे. आज वेळ झाला नाही.

२० मार्च

आजही नाही. झाडताना झाडू पेटीला लागला तर दचकले. खोलीत साप निघाल्यासारखी मी त्या पलंगापासून लांबून चालते. पत्र्याची पेटी आहे नुसती.

२६ मार्च

उघडली.

वर छडीवालीची पत्रं, त्याखाली रेडिओची, शाळेची, एका प्रकाशकाची. तळाशी तपकिरी पाकीट, माझ्या नावाचं. कडेनं चाकूनं नीट कापलेलं. 'आपल्या चारही रचना परीक्षक मंडळास विशेष पसंत पडल्या. एक ऑगस्टला हजर व्हावे.' त्याला जोडून सप्टेंबरचं दुसरं पत्र: 'आपण घरच्या अडचणींमुळे येऊ शकत नाही हे वाचून खेद झाला.'

मी असं काही लिहिलं नव्हतं.

मग एक कागद सापडला. वहीचं पान, दोन्ही बाजूंनी भरलेलं. त्यावर माझं अक्षर. माझी सही, तेवीस वेळा. वरच्या सह्या अवघडलेल्या, खाली येता येता सुधारत गेलेल्या. शेवटची अगदी माझी. ताईनं सराव केला होता.

बेचाळीस वर्षं.

२७ मार्च

लिहायलाच हवं.

सकाळपासून ताईशी बोलले नाही. तिनं दोनदा विचारलं, "धाकटे, काय झालं?" दुपारी एक वाजता अंगावर कोट चढवला आणि बाहेर पडले. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं. बसथांब्यावर बसले. तीन बस सोडल्या. चौथीच्या पायरीवर पाय ठेवला होता. कंडक्टर म्हणाला, "बाई, आत तरी या नाहीतर खाली तरी उतरा." उतरले.

घरात शिरले तर गॅसचा वास. शेगडीची कळ उघडी, ज्योत नाही. ताई स्वयंपाकघरातच खुर्चीवर बसून होती, खिडकीकडे तोंड करून. खिडकी उघडी होती. उघडी होती म्हणूनच.

तिला ओढत जिन्यात आणलं. चष्मेवाले धावत वर आले, त्यांनी सगळी दारं-खिडक्या उघडल्या. "आता ठीक आहे," ते म्हणत होते. मी पायरीवर ताईशेजारी बसले.

एक गोष्ट त्यांना सांगितली नाही. बाहेर जाताना मी रोज गॅसचा खालचा मोठा नळ बंद करते. आज केला होता का, ते मला आठवत नाही. दाराची वरची कडी तर बाहेरून लावली होती. ती लावल्याचं स्पष्ट आठवतंय.

३ एप्रिल

आज सकाळी ताई सगळीच्या सगळी होती. डोळे बघूनच कळतं. स्वतः पियानोचं झाकण पुसलं, खिडकीबाहेर बघून "चष्मेवाल्यांनी दुकानाला रंग दिला वाटतं" म्हणाली. असा दिवस आता महिन्यातून एखादा. मी पाकीट तिच्या मांडीवर ठेवलं.

तिनं पत्र बाहेर काढून वाचलं. खोटं बोलायला वाव होता. आठवत नाही म्हणाली असती तर मी काय करणार होते?

"भ्याले," ती म्हणाली.

"कशाला?"

"मी दोन पानं लिहिते आणि थांबते, धाकटे. तेव्हाही थांबायचे. तू गेली असतीस तर सगळ्यांना कळलं असतं." नंतर म्हणाली, "मला वाटलं होतं, एखाद वर्षानं सांगेन."

  तिनं पाकिटात पत्र पुन्हा घातलं, कडा जुळवून, आणि मला परत दिलं. दुपारी जेवताना तिनं विचारलं, आपण रोज इथंच जेवता का.

९ एप्रिल

छडीवालीला पत्र लिहिलं, माझ्या अक्षरात. ताईचा आजार, खोट्या सह्या, दुसरा भाग कुणी भरला ते. ते पाकीट पाठवलं नाही. ते पुस्तिकेसाठी नाही. ताईची शपथ मोडली. पत्र टाकून परत येताना वाटत होतं, की रस्त्यातला जो तो माझ्याकडे बघतोय. बघत कुणीच नव्हतं.

'मी फक्त नक्कल करते' असं एक वाक्य लिहिलं होतं. पक्की प्रत काढताना ते गाळलं. का, ते सांगता येणार नाही.

२४ एप्रिल

पंधरा दिवस उत्तर नव्हतं. पोस्टमनचा आवाज आला, की मी स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा नळ सोडायची. आज आलं.

'मी रागावले आहे,' पहिलीच ओळ. 'मी त्यांच्याशी बोलते आहे असं समजून तुमच्याशी बोलत राहिले. समितीला कळवावं लागलं. उद्घाटनाच्या कार्यक्रमातून रचना काढली आहे. पुस्तिका होणार नाही. एका सभासदाचं म्हणणं, की तुम्हा दोघींवर फिर्याद करावी. तो विषय मी मिटवला.'

इथपर्यंत वाचून कागद पालथा ठेवला. फरशी पुसून काढली. मग उरलेलं वाचलं.

'वृंदातल्या बायका मात्र दुसरा भाग रोज म्हणतात. मी सांगितलं, आता उपयोग नाही, तरी म्हणतात. मग मी तालमीची खोली मागून घेतली. अठरा जून, बुधवार, दुपारी तीन. ऐकायला फार कुणी नसेल. तिसरा भाग कधी पाठवताय? हे मी तुम्हाला विचारते आहे.'

११ मे

तिसऱ्या भागाला ताईची चाल नाही, एक ओळसुद्धा नाही. कोरा कागद समोर घेऊन बसते आणि नुसत्या रेघा आखते. आधी निदान तिला काय हवं असेल ते ओळखायचं होतं. आता ओळखायचं कुणाला?

३० मे

झाला. छोटा आहे, चार मिनिटांचा. बरा आहे की वाईट, हे सांगू शकेल अशी एकच व्यक्ती मला माहीत आहे, आणि ती शेजारच्या खोलीत लोकरीचा गुंडा सोडवत बसलीये. पाठवून दिला.

१८ जून, बुधवार

काल राजधानीत पोचलो. चष्मेवाले दुकान बंद ठेवून सोबत आलेत. वाटेत ताईनं त्यांना दोनदा विचारलं, की लग्न कुणाचं आहे. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "बघू या, कुणी तयार होतं का."

तालमीची खोली सभागृहाच्या मागं आहे. भिंतीला घडीच्या खुर्च्या टेकवलेल्या, एक पियानो, उंच खिडक्या. ऐकायला जेमतेम पंचवीस माणसं. छडीवाली बुटकी आहे आणि छडी वापरतच नाही, नुसते हात. माझ्याशी दोन वाक्यं बोलली. ताईसमोर मात्र गुडघे टेकून बसली. "आपली रचना मी वाचनालयात उभ्या उभ्या वाचली होती," म्हणाली. ताईनं तिच्या गालाला हात लावला. "जेवलीस का?"

कार्यक्रमपत्रिकेत पहिल्या भागाला ताईचं नाव, दुसऱ्याला दोघींचं, तिसऱ्याला माझं. माझ्या नावात छपाईची चूक आहे. ती बघितल्यावर जरा धीर आला, जणू ते माझं नावच नव्हे.

ताईला दारापासून लांब, भिंतीकडच्या खुर्चीवर बसवलं, पलीकडे चष्मेवाले, अलीकडे मी. ती उठेल, ओरडेल, पुढं जाऊन बायकांना सूर लावायला सांगेल, सगळं मनात होऊन गेलं होतं. पहिला भाग तिनं हात मांडीवर ठेवून ऐकला. दुसरा सुरू झाला. मी कधी इतक्या जणींच्या तोंडून काही ऐकलं नव्हतं. टेबलावर ते एवढं मोठं नव्हतं. वरच्या बायका थांबल्या आणि खालच्या एकट्या पुढं निघाल्या तेव्हा मला उठून पळून जावंसं वाटलं.

ताई पुढं वाकली. मी तिची बाही घट्ट धरली.

"कुणाचं आहे हे?" तिनं विचारलं. हळू नाही, वर्गातल्या आवाजात. पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागं वळून पाहिलं.

 "माझं," म्हटलं.

तिनं आणखी थोडं ऐकलं, कपाळाला आठ्या घालून. "खालचे जड झालेत. मधल्यांना श्वास घ्यायला जागाच नाही."

पुढचं पान संपेपर्यंत मी ऐकलं. बरोबर होतं तिचं. पर्समधली पेन्सिल काढली आणि कार्यक्रमपत्रिकेच्या मागं लिहून घेतलं: भाग दोन, पान चार, मधले आवाज, एक मात्रा मोकळी सोडणे.

उद्या निघायच्या आधी छडीवालीला सांगायला हवं. चिडणार ती. बायकांचं सगळं पाठ झालंय.